जुना डीएसएलआर घेण्यापूर्वीची तयारी

जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेण्यासाठी दुकानात जाताना घरातली प्रत्येक लेन्स पिशवीत घालावी. मेमरी कार्ड सोबत असावे हे वेगळे सांगायला नको. लेन्स मात्र हमखास घरी राहते, आणि मागच्या खरेदीत माझीही राहिली होती.

निकॉन डी५६०० हा प्राथमिक श्रेणीतला वरच्या पायरीवरचा कॅमेरा. २४.२ मेगापिक्सेल, ३९ फोकस बिंदू आणि सेकंदाला ५ छायाचित्रे हे आकडे विक्रेता स्वतःहून सांगतो; पण जुन्या लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर या कॅमेऱ्यात नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वडिलांच्या काळातली ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स त्यावर नीट बसते, प्रकाशमापनही होते, परंतु फोकस हातानेच साधावा लागतो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेले असेल तर मोटर लेन्समध्येच असते. निकॉनच्या लेन्सवर नुसते एएफ असेल तर डी७२०० सारखा मोटर असलेला कॅमेरा पाहावा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्समध्येच येते, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. तरीही लेन्स न्यावीच, कॅमेऱ्यावर चढवावी, शटरचे बटण अर्धे दाबावे आणि फोकस स्वतः फिरतो का ते डोळ्यांनी पाहावे. विक्रेत्याच्या 'चालेल' या शब्दावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यामागच्या फिरत्या पडद्याची. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरूनच ढोलपथक टिपता येते, आणि तेव्हा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, निरुपयोगी असतो. डी५६०० आणि कॅनन ८००डी या दोन्हींचा पडदा बाहेर वळतो. मात्र पडद्यावर पाहताना ८००डी ड्युअल पिक्सेल या कॅननच्या फोकस पद्धतीने झटकन फोकस करतो, तर डी५६०० प्रतिमेतील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, शोधत रेंगाळतो. दुकानाबाहेरून जाणाऱ्या दुचाकीवर हा फरक पडताळून घ्यावा. ज्याला मिरवणूकच टिपायची आहे, त्याने माझ्या मते कॅनन घ्यावा. अर्थात घरात निकॉनच्या लेन्स नसतील तरच, आणि म्हणूनच पुन्हा सांगतो, लेन्स न्या.

पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत ५० मिमी लेन्स फार जवळचे दाखवते, कारण निकॉनच्या या सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या भागावर) तिचा दृश्यकोन फुल फ्रेमवरील, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरील, ७५ मिमी लेन्सइतका होतो. तिथे १८-५५ मिमी लेन्स बरी. व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो, तेव्हा कडांना नको ते येते.

उरलेले थोडक्यात. लेन्स उजेडाकडे धरून बुरशी पाहावी, पुण्याच्या पावसाळ्यात ती धरतेच. लेन्सचे छिद्र लहान करून, म्हणजे एफ/१६ ठेवून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे, सेन्सरवरचे डाग दिसतात. चार्जर मूळचा आहे का पाहावे. बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी जुळवून मगच पैसे द्यावेत.