पंखा लागला की दाब घसरायचा

टर्बो गाडीचा मूळ इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढून स्वतंत्र इसीयू बसवणाऱ्या नवशिक्यांसाठी हे लिहीत आहे. सेन्सरच्या पाच व्होल्ट, सिग्नल आणि अर्थिंगच्या तारा ओळखता येतात, असे मी गृहीत धरतो.

माझ्या गाडीला ३ बारचा मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने, इंजिन बंद ठेवून चावी दिली की त्याने साधारण ९५ किलोपास्कल दाखवायला हवेत, आणि तो तेवढेच दाखवीत असे. या बरोबर आकड्यानेच मला तीन महिने फसवले. बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, मिश्रण लीन होई (हवेच्या मानाने इंधन कमी पडे). उस्ताद म्हणत, "सेन्सर बदल," आणि मी दोन सेन्सर बदलले. न मोजता सुटा भाग बदलायला सांगणाऱ्या गुरूचा आदर करावा, पण सल्ला घेऊ नये, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

उलगडा इसीयूच्या लॉगमध्ये (सेन्सरच्या आकड्यांच्या नोंदीत) झाला. रेडिएटरचा पंखा लागला त्याच क्षणी दाब सात किलोपास्कलने उतरला आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान चार अंशांनी चढले. हवा अशी क्षणात तापत नाही.

मी दाब आणि तापमान अशा दोन्ही सेन्सरची अर्थिंग सोयीसाठी इंजिन ब्लॉकवर घेतली होती आणि इसीयूची बॉडीवर. इंजिन चालू असताना पंख्याचा प्रवाह बॉडीतून अर्थ स्ट्रॅपमार्गे (बॉडी व ब्लॉक जोडणाऱ्या जाड तारेतून) ब्लॉकवरच्या अल्टरनेटरकडे परततो. त्या वाटेत बॉडीचा व्होल्टेज ब्लॉकपेक्षा किंचित चढतो आणि इसीयूला दोन्ही सिग्नल खाली दिसतात; दाबाचा खाली गेलेला सिग्नल म्हणजे कमी दाब, तापमानाचा म्हणजे जास्त तापमान. इंजिन बंद असताना अल्टरनेटरकडे जाणारा हा प्रवाहच नसतो. ओहमवर तपासल्यास मीटर स्वतःचा नाममात्र प्रवाह सोडतो, म्हणून तिथेही सगळे ठीकच दिसते.

म्हणून सेन्सरचा कपलर (तारांचा प्लग) न काढता मागून मीटरची पिन लावा, इंजिन, पंखा, हेडलाइट सगळे चालू ठेवा आणि सेन्सरची अर्थिंग व इसीयूची सेन्सर-अर्थ पिन यांच्यातला व्होल्टेज मोजा. माझ्या मीटरवर उणे ०.१५ व्होल्ट आला, तो जवळजवळ शून्य हवा. घाबरू नका, दुरुस्ती एका तारेची आहे: सेन्सरची अर्थिंग थेट त्या पिनवर न्या आणि ब्लॉकवरची जोडणी पूर्ण तोडा, दोन्ही ठेवू नका.

दोष झाकण्यासाठी इसीयूतल्या इंधनाच्या तक्त्यात (यालाही मॅपच म्हणतात) इंधन मात्र वाढवू नका. मी वाढवले होते. तार बदलल्यावर गाडी काळा धूर सोडू लागली आणि ते इंधन एकेक रकाना करून काढण्यात दोन रविवार गेले.