जुन्या घरात भिंत ओली आणि पाईप दिसत नाही? आधी पाण्याचा दिवस बघा

आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेत, आजोबांच्या वेळचं, दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी. मागच्या एप्रिलमध्ये देवघराजवळची एक फरशी काळपट दिसायला लागली, हात लावला तर गार आणि ओली. बाहेर ऊन मरणाचं, त्यामुळे पावसाची ओल म्हणायला जागाच नव्हती. आईने तिथे जुनी चादर टाकली, ती सकाळी पिळली तर पाणी निघालं. प्लंबरला बोलावलं तर तो आल्या आल्या म्हणाला, मालक, अख्खी भिंत फोडावी लागेल. मी म्हटलं थांब जरा.

आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तीन-चार-पाच दिवसांनी येतं, त्याला आपण शिव्या घालतो, पण लीक शोधायला याच्यासारखी फुकटची मशीन नाही. मीटरपासून हौदापर्यंतच्या लाईनीत फक्त पाणी सुटलं की प्रेशर असतं, आणि गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणाऱ्या लाईनीत चोवीस तास. म्हणून ओल्या डागाभोवती खडूने रेघ मारायची आणि कॅलेंडरवर पाण्याच्या दिवशी खूण करायची. पाणी आलं की डाग रेघेच्या बाहेर पसरला आणि दोन दिवसांनी आक्रसला तर गळती नळाच्या लाईनीत. रोज सारखाच ओला राहिला तर टाकीची लाईन, नाहीतर संडास-मोरीचं ड्रेनेज. दोन-तीन पाळ्या बघा, एका पाळीवर निर्णय नको.

आमचा डाग पाण्याच्या दिवशी वीतभर वाढायचा. म्हणजे नळाची लाईन.

तुमचा डाग रोज सारखा असेल तर रात्री झोपताना टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी तीच असेल तर टाकी चांगली आहे. दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवा, घरातले सगळे नळ बंद, फ्लशची चावी पण बंद (ही सगळे विसरतात), आणि पातळी उतरली तर पाईप गळायलाय. हौदाचं पण असंच, मोटर न लावता बारा तास बघायचं, कधीकधी पाईपला काही झालेलं नसतं, हौदालाच तडा गेलेला असतो. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका, बटण न दाबता भांड्यात रंग उतरला तर तिथला वॉशर गेला. डाग फक्त आंघोळ-धुण्यानंतर वाढत असेल तर पाईप सोडा, मोरीचे सांधे बघा.

नेमकी जागा शोधायला रात्री दोन वाजता पाणी सुटलेलं असताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. बारीक सूंऽऽ असा आवाज येतो, जिथे मोठा तिथे जवळ. आमचा आवाज डागापासून चार फूट लांब होता. पाणी फरशीखालून उतार धरून जातं, ओल दिसते तिथे पाईप फुटलेला असेलच असं नाही, आणि प्लंबरचं ऐकून भिंत फोडली असती तर नुसता दगड हाती लागला असता. एकच फरशी उचलली, खाली जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, आटे कापलेल्या सांध्याजवळ गंजून पापुद्रे सुटलेले, बोट लावलं तर भोक मोठं झालं.

असा पाईप दिसला तर क्लॅम्प मारून झाकू नका. एका ठिकाणी गंजला म्हणजे बाकीचा पण त्याच वयाचा आहे. शिवाय पाणी गेलं की लाईन रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते, कुणी नळाला डायरेक्ट मोटर लावत असेल तर अजूनच. पहिली एक-दोन बादल्या पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर ते कारण असू शकतं, तोपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

आम्ही जुनी लाईन दोन्ही टोकांना एंड कॅप लावून बंद केली आणि नवीन सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाईपची) लाईन भिंतीच्या वरून क्लिपांवर नेली. दिसायला बरी नाही, काकू अजून बोलतात, पण परत गळली तर डोळ्यांना दिसेल. जुन्या दगडी भिंतीत आडवी झिरी मारून पाईप घालायचा हट्ट करू नका, भिंत कमजोर होते. मीटरच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला गळत असेल तर स्वतः खोदायच्या भानगडीत पडू नका, महापालिकेत अर्ज द्या. आणि ओल स्विच बोर्डापर्यंत गेली असेल तर सगळ्यात आधी मेन स्विच बंद.

नवीन लाईन झाकायच्या आधी प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या, अर्धा तास काटा हलायला नको. प्लास्टर करायचं असेल तर चुन्याचं, सिमेंट ओल आत कोंडतं आणि मग लोणा (भिंतीतल्या क्षाराची पांढरी पूड) वरच्या बाजूला फुटतो. रंगाची घाई पण नको. आमच्या भिंतीला पूर्ण वाळायला पावसाळा धरून सहा महिने गेले, रंग दिवाळीला दिला.