नगरपरिषदेची दृश्य ओळख आणि तिची मानके कशी ठरवावीत

एसटीची लाल गाडी फाट्यावरून वळताना दिसली की, पाटी वाचण्याइतकी ती जवळ येण्याआधीच थांब्यावरचा माणूस पिशवी उचलतो. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग, हेही रोज प्रवास करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. शासकीय कार्यालयाची दृश्य ओळख म्हणजे नेमकी हीच सोय होय. समोरचा कागद, फलक, वाहन किंवा मोबाइलवर आलेला संदेश खरोखर आपल्याच कार्यालयाचा आहे, हे नागरिकाला क्षणभरात कळले पाहिजे. पाणीपट्टीच्या थकबाकीचे खोटे संदेश फिरत असण्याच्या काळात ही बाब निव्वळ सौंदर्याची राहिलेली नाही.

हा लेख एका मध्यम आकाराच्या नगरपरिषदेला समोर ठेवून लिहिला आहे. पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेलाही थोड्या फरकाने हीच पद्धत लागू पडेल. बहुतेक ठिकाणी या कामाचा नारळ बोधचिन्ह स्पर्धेने फुटतो, बक्षीस समारंभ होतो आणि काम तेथेच संपते. माझ्या मते बोधचिन्ह ही शेवटून दुसरी पायरी असावी, कारण नागरिकाच्या हातात रोज जे पडते ते चिन्ह नसून अक्षरे असतात.

पहिली पायरी: आहे त्याची मोजदाद

एक आठवडा राखून ठेवावा आणि कार्यालयाचे नाव जेथे जेथे लिहिलेले आहे तेथील छायाचित्र घ्यावे. मुख्य इमारतीची पाटी, प्रभाग कार्यालये, दवाखाना, शाळा, वाचनालय, घंटागाड्या, पाण्याचे टँकर, अग्निशमन वाहन, लेटरहेड, कर मागणीची बिले, पावत्या, ओळखपत्रे, रबरी शिक्के, बागेतील सूचना, संकेतस्थळ आणि व्हॉट्सअॅपवर जाणारी निवेदने यांपैकी काहीही सुटू देऊ नये. प्रत्येक छायाचित्राखाली ती वस्तू कोणी तयार केली हे लिहावे, म्हणजे छापखाना, फ्लेक्सवाला, भिंती रंगवणारा पेंटर की आस्थापना विभागातील संगणकचालक. पुढे मानक पुस्तिका, म्हणजे हे सर्व नियम एकत्र लिहिलेली पुस्तिका, वापरणारी माणसे हीच असणार आहेत आणि पुस्तिका त्यांनाच कळली नाही तर ती कपाटात जाईल.

ही छायाचित्रे एका भिंतीवर शेजारी शेजारी लावली की पहिला धक्का बसतो तो नावाचा. कोठे ‘नगरपरिषद’, कोठे ‘नगर परिषद’, कोठे जुन्या सवयीने ‘नगरपालिका’, तर टँकरवर नुसतेच ‘न. प.’ असते. मी पाहिलेल्या एका कार्यालयात दर्शनी पाटी आणि तिच्या खालीच ठेवलेली तक्रारपेटी यांवर संस्थेची नावे वेगळी होती, आणि ती दोन्ही एकाच वर्षी रंगवलेली होती. नगरपरिषदा ज्याखाली चालतात त्या १९६५ च्या अधिनियमाच्या मराठी नावात ‘नगरपरिषदा’ हा शब्द जोडून येतो, तेव्हा तेच रूप धरावे. त्यासोबत पूर्ण नाव, संक्षिप्त नाव आणि इंग्रजी नाव अशी तीनच रूपे ठरवून ती लेखी नोंदवावीत, आणि टँकरसारख्या अपुऱ्या जागेवर संक्षिप्त रूप कोणते चालेल तेही सांगून ठेवावे.

दुसरी पायरी: कायद्याने आखलेली कुंपणे

सारनाथच्या सिंहस्तंभावरून घेतलेले भारताचे राजचिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. ते कोणी वापरावे हे २००५ चा अधिनियम आणि २००७ चे नियम ठरवतात. या नियमांत नगरपरिषदा आणि पंचायत राज संस्था यांचा नावानिशी उल्लेख करून, अधिकृत परवानगी असल्याशिवाय त्यांनी हे चिन्ह वापरू नये असे म्हटले आहे. तरीही पदाधिकाऱ्यांच्या लेटरहेडवर आणि गाड्यांच्या काचेवर तीन सिंह सर्रास दिसतात. अनधिकृत वापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरेही त्या चिन्हाचाच भाग आहेत. त्यामुळे ज्यांना चिन्ह वापरण्याचा अधिकार आहे त्यांनीसुद्धा इंटरनेटवरून उचललेले बोधवाक्यहीन चित्र वापरणे चुकीचे ठरते.

‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या शब्दाने सुरू होणारे वचन असलेली महाराष्ट्र शासनाची मुद्राही राज्य शासनाची आहे. शासनाचे अनुदान मिळते म्हणून ती नगरपरिषदेची होत नाही. स्थानिक संस्थेने स्वतःचे चिन्ह आणि स्वतःचे वचन वापरावे. मुंबई महानगरपालिकेचे ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे राजभाषा अधिनियम, २०२२ मुळे बराचसा सुटलेला आहे. कामकाज मराठीत, म्हणून फलकही मराठीत. जेथे इंग्रजी मजकूर लागेल तेथे तो मराठीच्या खाली आणि मराठीपेक्षा लहान अक्षरांत असावा, एवढा एक नियम पुस्तिकेत घातला तरी पुरेसे आहे.

तिसरी पायरी: अक्षर

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. जुनी कार्यालयीन कागदपत्रे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत (फॉन्टमध्ये) आहेत. तो टंक नसलेल्या संगणकावर त्यांतील मजकूर निरर्थक चिन्हांत बदलतो, शोधल्यास सापडत नाही आणि अंध व्यक्तींसाठीच्या वाचक-प्रणालीला वाचता येत नाही. म्हणून पहिला नियम युनिकोडचा, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांचा, असावा आणि त्याला अपवाद ठेवू नये. छापखाना ‘आमच्याकडे युनिकोड चालत नाही’ असे सांगेल. तेव्हा मजकूर पुन्हा टंकलिखित करू देण्याऐवजी तयार पीडीएफ द्यावी, कारण बिलांवरील शुद्धलेखनाच्या चुका बहुधा या दुसऱ्या टंकलेखनातच शिरतात.

टंक निवडताना मराठी वळण पाहावे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमाला प्रमाणित केली आणि २०२२ मध्ये त्यात सुधारणा केली. मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा, असे त्यात ठरले आहे. संगणकात आधीपासून असलेल्या अनेक टंकांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाची असतात. काही टंकांत दोन्ही वळणे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी असल्याचे दस्तऐवजात किंवा संकेतस्थळाच्या संकेतावलीत (कोडमध्ये) नोंदवल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. ही नोंद करणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते जवळजवळ कोणीही करत नाही. मुक्त परवान्याचे टंक घेतल्यास पेंटरपासून संकेतस्थळाच्या कंत्राटदारापर्यंत सर्वांना तेच विनामूल्य देता येतात. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे असे दोन टंक आहेत.

टंक मंजूर करण्यापूर्वी त्यात काही शब्द छापून पाहावेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्यांत फरक स्पष्ट दिसतो का? ‘ॲप’मधील ॲ नीट बसतो का? ‘ळ’ गचाळ दिसत नाही ना? ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि ‘श्र’ लहान आकारात भरून जात नाहीत ना? ही परीक्षा छापील नमुन्यावर आणि साध्या मोबाइलच्या पडद्यावर अशी दोन्हीकडे घ्यावी.

पुस्तिकेत तीन मनाई ठळकपणे लिहाव्यात. शीर्षक रुंद दिसावे म्हणून अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ही खोड इंग्रजी मांडणीतून आली आहे. टंकाला यांत्रिकपणे तिरपे करू नये आणि भर द्यायचा असल्यास त्याच टंकाची जाड आवृत्ती घ्यावी. रुंदी ताणून ओळ भरू नये, ज्याचा मोह फ्लेक्सच्या दुकानात हमखास होतो. ओळींतील अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. टंकाच्या आकाराच्या साधारण दीडपट अंतराने सुरुवात करून पुढे डोळ्यांनी ठरवावे.

आकड्यांचा वाद सभेत निघणारच. मराठी मजकुरात देवनागरी अंक असावेत. दूरध्वनी क्रमांकासाठी कोणते अंक घ्यायचे ते एकदाच ठरवावे, पण एकाच ओळीत दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

चौथी पायरी: रंग

एक मुख्य रंग, एक जोडरंग आणि काळा-पांढरा एवढेच पुरे. मुख्य रंग गावातील कोणत्याही पक्षाच्या झेंड्याचा नसावा, अन्यथा सत्ता बदलली की भिंतीही बदलतील आणि ते पैसे करदात्याचे असतील. त्याच कारणाने कोणत्याही कायम नमुन्यात पदाधिकाऱ्याचे छायाचित्र ठेवू नये. आचारसंहिता लागल्यावर फलकांवर कागद चिकटवत फिरण्याचे कामही त्यामुळे वाचते.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक मोजता येतो. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावा लागतो. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांवर उभी आहेत. पांढऱ्यावर भडक लाल मजकूर डोळ्यांना ठसठशीत वाटला तरी तो सुमारे ४ ला १ एवढाच भरतो. तिरंग्यासाठी संकेतस्थळांवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या केशरी छटेवर पांढरी अक्षरे लिहिली तर हे प्रमाण जेमतेम २ च्या पुढे जाते. गडद निळा, गडद हिरवा किंवा गडद तपकिरी यांवर पांढरी अक्षरे सुरक्षित राहतात. ‘भरले’ आणि ‘थकीत’ हा फरक केवळ हिरव्या-लाल रंगाने दाखवू नये, कारण काहींना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. तेथे शब्दही लिहावा.

प्रत्येक रंगाची नोंद चार प्रकारे करावी: छपाईसाठी चार शाईंचे प्रमाण, पडद्यासाठी रंगाचा कोड, पेंटरसाठी रंगकंपनीच्या शेड कार्डावरील क्रमांक आणि वाहनांसाठी चिकटपट्टीचा क्रमांक. पुस्तिकेत नुसता ‘निळा’ असा शब्द ठेवला की पाच घंटागाड्या पाच निळ्या रंगांच्या निघतात.

पाचवी पायरी: रोजचे नमुने

सर्वांत आधी कर मागणीचे बिल घ्यावे, कारण ते घरोघरी जाते. भरायची रक्कम, अंतिम तारीख आणि भरण्याचे ठिकाण या तीन गोष्टी वरच्या तिसऱ्या भागात, सर्वांत मोठ्या अक्षरांत याव्यात. अधिनियमाची कलमे खाली जाऊ शकतात. जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारख्या ज्या कागदांचा नमुना कायद्याने ठरलेला आहे त्यांना हात लावू नये आणि तसे पुस्तिकेत नमूद करावे.

त्यानंतर सेवांचा फलक. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयात लावावी लागते. हा फलक बहुतेक ठिकाणी असतो, पण डोक्याच्याही वर आणि बोटभर अक्षरांत. अक्षरांच्या उंचीचा रूढ ठोकताळा असा आहे की वाचणारा जितका दूर, त्या दर ३ मीटर अंतरामागे सुमारे २५ मिलिमीटर उंची धरावी. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी, मात्रा आणि उकार त्यात धरू नयेत. अधिकाऱ्याच्या नावाची पट्टी सरकवून बदलता येईल अशी ठेवावी, म्हणजे बदली झाली की पूर्ण फलक फुकट जात नाही.

वाहनांवर नाव, वाहन क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनी एवढेच असावे. संकेतस्थळासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेली डिजिटल ओळखीची पुस्तिका चाळावी. ती केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे, पण रंगगट आणि चिन्हे यांची मांडणी कशी करावी याचा तो चांगला नमुना आहे.

सहावी पायरी: बोधचिन्ह

आता चिन्ह करावे किंवा असलेले साफ करून घ्यावे. किल्ला, नदी, मंदिर, कणीस, दातेरी चाक आणि पुस्तक हे सर्व एका वर्तुळात कोंबू नये. गावाची एकच खूण निवडावी. चाचणी सोपी आहे: रबरी शिक्क्याच्या आकारात, एकाच रंगात छापून त्याची झेरॉक्स काढावी आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी. एवढे होऊनही चिन्ह ओळखू आले तर ते मंजूर करावे.

येथे कायद्याची एक मेख आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच मानले जाते. स्पर्धेतील विजेत्याला धनादेश देऊन छायाचित्र काढले म्हणजे चिन्ह कायमचे आपले झाले, असे नव्हे. कार्यादेशातच कायमस्वरूपी हस्तांतरणाचे कलम घालावे आणि कितीही मोठे केले तरी न फाटणारी मूळ व्हेक्टर फाइल ताब्यात घेतल्याशिवाय अंतिम देयक काढू नये.

सातवी पायरी: मंजुरी आणि अंमल

पुस्तिका तीस पानांच्या आत ठेवावी. सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा आणि मुख्याधिकाऱ्यांनी परिपत्रक काढावे. सर्व काही एका रात्रीत बदलू नये. जुने लेटरहेड आणि पावतीपुस्तके संपल्यावर नवी छापावीत, वाहने रंगकामाला गेली की बदलावीत. संकेतस्थळ आणि कर बिल मात्र पहिल्याच वर्षी बदलावे. एका कर्मचाऱ्याला, शक्यतो अभिलेख किंवा संगणक विभागातील, या कामासाठी नेमावे. छपाई किंवा रंगकामाचा नमुना त्याने पाहून स्वाक्षरी केल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, असे परिपत्रकात लिहावे. ही एक ओळ बाकीच्या एकोणतीस पानांइतके काम करते.

पेंटर आणि फ्लेक्सवाल्यासाठी पुस्तिकेतून दोन पानांचा वेगळा उतारा काढावा. त्यात नावाचे रूप, रंगांचे क्रमांक, अक्षरांची उंची आणि तीन मनाई एवढेच असावे, आणि तो लॅमिनेट करून द्यावा. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि दिनांक छापावा. नवी आवृत्ती निघाली की छापखान्याकडची जुनी प्रत परत मागवून मगच नवी द्यावी.