वेबसाइटवर लोक येतात, नोंदणी मात्र होत नाही: माझा अनुभव

सांगलीत आमचं हळद-बेदाण्याचं दुकान, जोडीला वेबसाइट. लक्षण असं: लोक यायचे, भाव बघायचे आणि नोंदणीच्या पानावरून मागं फिरायचे.

जाहिरातीचा खर्च वाढवला, सूट दिली, हळदीच्या जीआय (भौगोलिक) मानांकनाची पाटीही लावली. आकडा हलेना. तीन महिने नुसता वैताग.

शेवटी दुकानात आलेल्या एका काकूंना म्हटलं, "माझ्यासमोर नोंदणी करा, मी मधे बोलणार नाही." त्यांनी सवयीनं आधी 0 टाकला, मग मोबाइल नंबर. रकान्याला दहाच अक्षरांची मर्यादा, त्यामुळं शेवटचा आकडा बसेना. ओटीपी कुठून येणार? "तुमचं मशीन बिघडलंय," म्हणून त्या मोकळ्या!

दुरुस्ती याच क्रमानं केली. आधी रकान्याची मर्यादा (मॅक्सलेंथ) काढली. मग सर्व्हरवर मोकळ्या जागा, अधिकचं चिन्ह, डॅश गाळले आणि देवनागरी आकडे इंग्रजीत बदलले. त्यानंतर अंक मोजले: अकरा असून सुरुवात 0 नं असेल तर 0 काढायचा, बारा असून सुरुवात 91 नं (भारताचा कोड) असेल तर 91 काढायचे. आधी मोजणं महत्त्वाचं, कारण 91 नं सुरू होणारे खरे दहाअंकी नंबरही असतात. उरलेला नंबर दहा अंकी आणि पहिला अंक 6 ते 9 असेल तरच ओटीपी. नाहीतर रकान्याखालीच मराठीत चूक दाखवायची.

त्याच आठवड्यात नोंदण्या वाढल्या, जाहिरात बंद असताना. आता पहिल्या पार्सलनंतर व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न विचारतो: "कुठं अडलात?"