वाळवंटात आरव्ही लावून राहायचं तर आधी टाक्यांचा हिशोब करा

थंडी सुरू झाली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की तुम्ही ते क्वार्टझसाइटला जाता ना, तिथे लाईट नाही, नळ नाही, मग मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन राहता कसे? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतेय. आम्ही ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो, तिथून आय-टेन हायवेने पश्चिमेला साधारण दोन तासांवर क्वार्टझसाइट हे वाळवंटातलं गाव, कॅलिफोर्नियाची हद्द तिथून अगदी जवळ. आरव्ही, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली मोठी गाडी, आमची स्वतःची नाही, भाड्याने घेतो, त्यामुळे खालचं सगळं भाड्याची गाडी धरूनच वाचा.

आधी सीझन. नोव्हेंबर ते मार्च, बस. उन्हाळ्यात तिकडे ४५ डिग्री सेल्सिअसच्या वर जातं आणि हुकअप, म्हणजे गाडीला बाहेरून लाईट-पाण्याचं कनेक्शन, नसताना एसी चालवायचा म्हणजे जनरेटर अखंड चालू ठेवायचा, तेव्हा उन्हाळ्याचा विचारच करू नका.

जागेचं म्हणाल तर ही सगळी बीएलएमची, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खात्याची जमीन. प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश या भागात १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण तिथे खरंच काही नसतं, फक्त मोकळं मैदान. दुसरा पर्याय गावाच्या दक्षिणेला ला पोसा, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिट घेऊन राहायचं, आम्ही घेतलं तेव्हा दोन आठवड्यांचं ४० डॉलर आणि पूर्ण सीझनचं १८० डॉलर होतं. लाईट तिथेही नाही, पण आवारात पाणी भरायची सोय, डंप स्टेशन (म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आणि कचऱ्याचे डबे आहेत. पहिल्यांदा फॅमिली घेऊन जाताय ना, मग माझं ऐका आणि ला पोसालाच जा, ४० डॉलर वाचवायला लांब जाऊन बसू नका. एकदा घरच्यांना सवय झाली की मग प्लोमोसा रोडला जा, तिकडची शांतता वेगळीच आहे.

आता मुख्य गोष्ट. आरव्हीत तीन टाक्या असतात, फ्रेश म्हणजे चांगलं पाणी, ग्रे म्हणजे बेसिन-शॉवरचं सांडपाणी, आणि ब्लॅक म्हणजे टॉयलेटचं. २५ फुटी क्लास सी गाडी (ड्रायव्हरच्या केबिनच्या वर पलंग असलेली मधल्या आकाराची आरव्ही) घेतली तर फ्रेश साधारण ३५-४० गॅलन आणि बाकीच्या दोन्ही ३०च्या आसपास धरा, नक्की आकडा भाड्याने देणाऱ्याकडून लिहून घ्या. १ गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, म्हणजे ४० गॅलन झाले १५० लिटर, पाच माणसांना. सगळ्यांना वाटतं की चांगलं पाणी आधी संपेल, पण तसं होत नाही, कारण चांगलं पाणी तुम्ही जास्तीचे कॅन भरून नेऊ शकता, सांडपाणी मात्र कुठेच ठेवता येत नाही. ग्रे टाकी भरली की तुमचा मुक्काम संपला, मग फ्रेशमध्ये कितीही पाणी असो. आणि रात्री कोणी बघत नाही म्हणून व्हॉल्व्ह उघडून वाळूत सोडून द्यायचं हे कृपा करून करू नका, आपल्यानंतर त्याच जागेवर कोणाचं तरी पोर खेळणार असतं.

म्हणून जे काही वाचवायचं ते ग्रे टाकीतलं. आंघोळ रोज नको, एक दिवसाआड, आणि शॉवर चालू-बंद करत, अंग ओलं केलं की बंद, साबण लावला, मग परत चालू, असं केलं तर माणशी २ गॅलनमध्ये छान आंघोळ होते. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहतं ते पातेल्यात धरा आणि भांड्यांना वापरा. मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्यायचं.

भांड्यांचं मात्र आमच्याकडे आईकडून सगळे शिकले. ती आटपाडीची, तिचं सगळं लहानपण पाण्याच्या टंचाईत गेलेलं. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने नळाला हातच लावला नाही. आधी प्रत्येक ताट पेपर टॉवेलने कोरडं पुसलं, कुकरला लागलेला भात बोटाने निपटून काढला, मग एका पातेल्यात जेमतेम तांब्याभर कोमट पाणी, त्यात दोन थेंब साबण, आधी पेले, मग वाट्या, मग ताटं, शेवटी कढई, ह्याच क्रमाने, म्हणजे तेलकट भांड्याने पाणी खराब होईपर्यंत बाकीचं सगळं होऊन गेलेलं असतं. दुसऱ्या पातेल्यात विसळायचं पाणी, आणि विसळलेलं पाणी पुढच्या वेळेला घासायला. पाच जणांची भांडी तीनेक लिटरमध्ये. माझी मुलगी शेजारी उभी राहून बघत होती आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पेले त्याच क्रमाने लावून ठेवले होते. पुसलेले पेपर कचऱ्याच्या पिशवीत, आणि पिशवी घट्ट बांधून आत ठेवा, बाहेर ठेवली तर रात्री कायोटी, म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, फाडतात.

टॉयलेटबद्दल कोणी स्पष्ट लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. आपल्याला पाणी लागतं, आणि ब्लॅक टाकीला पाणी जाणं चांगलंच असतं, कोरडी राहिली तर घाण एका जागी साचून घट्ट होते आणि डंप करताना निघत नाही. पण जेट स्प्रे लावून बसलात तर ३० गॅलन बघता बघता भरतात. आम्ही अर्ध्या लिटरचा मग ठेवतो, तेवढ्यात होतं. कागद वापरणार असाल तर आरव्हीचाच पटकन विरघळणारा घ्या, आणि वेट वाइप्स कधीच आत टाकू नका, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी.

प्यायचं पाणी या सगळ्यापासून वेगळं. माणशी रोज १ गॅलन धरून मोठे कॅन न्यायचे आणि वर एका दिवसाचं जास्तीचं. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, म्हातारी माणसं आणि मुलं तहान लागली म्हणून सांगत नाहीत, त्यामुळे तासा-दोन तासाने तुम्हीच ग्लास हातात द्या.

बॅटरी. भाड्याच्या गाडीत बरेचदा साध्या लेड ॲसिड बॅटऱ्या असतात, त्या निम्म्याच्या खाली उतरवायच्या नसतात, म्हणजे १०० अँपअवरची बॅटरी असेल तर तुमच्या हातात ५०च. व्होल्टमीटरवर १२.६ म्हणजे फुल, १२.१च्या आसपास आलं की थांबा. एलईडी दिवे आणि फोन चार्जिंगला फारसं काही लागत नाही, खरी बॅटरी खातो तो फर्नेस, म्हणजे गाडीचा हीटर. लोकांना वाटतं हीटर गॅसवर आहे मग बॅटरीचा काय संबंध, पण त्याचा पंखा ७-८ अँप ओढतो, वाळवंटात जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, फर्नेस रात्रभरात पाच तास जरी चालला तरी ३५-४० अँपअवर गेले. म्हणून थर्मोस्टॅट ६० फॅरनहाइटवर (साधारण १५-१६ सेल्सिअस) ठेवा आणि घरून गोधड्या न्या, खरंच न्या, स्लीपिंग बॅगमध्ये आईला झोपच लागत नाही. गॅसच्या शेगड्या पेटवून गाडी गरम करायची नाही, कधीच नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि निघायच्या आधी त्याच्या डिटेक्टरचं टेस्ट बटण दाबून बघा.

छतावर २०० वॉटचं सोलर असेल तर हिवाळ्यात चांगल्या उन्हाच्या दिवशी ५० अँपअवरच्या आसपास परत मिळतात, दिवस लहान आणि सूर्य खाली असतो म्हणून जास्तीची अपेक्षा नको. मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट, हेअर ड्रायर हे इन्व्हर्टरवर अजिबात नाही, १००० वॉटचं काहीही लावलं की १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपच्या आसपास ओढलं जातं. जनरेटर लावायचाच तर सकाळी नाश्त्यानंतर तासभर, रात्री १० ते सकाळी ६ नको. तो बहुतेक क्लास सी गाड्यांत मुख्य टाकीतलंच पेट्रोल घेतो आणि पाव टाकी राहिली की आपोआप बंद पडतो, तेव्हा क्वार्टझसाइटला शिरताना टाकी फुल करूनच पुढे जा.

स्वयंपाक गॅसवर आणि कुकरमध्येच. वरण-भात एकाच कुकरमध्ये, एकदा पिठलं, एकदा खिचडी, थालीपिठाची भाजणी घरून. कांदा, मिरची, कोथिंबीर घरीच चिरून डब्यात, म्हणजे भाज्या धुवायचं पाणी वाचलं. तळण नको, तेलाची कढई धुवायला जे पाणी जातं त्यात एकाची आंघोळ होते.

जागा निवडताना उजेडात पोचा, दुपारी तीनच्या आत. गाडी कच्च्या रस्त्यावर घालायच्या आधी एकाने खाली उतरून पुढे चालत जाऊन बघायचं की जमीन टणक आहे का आणि वळवायला जागा आहे का. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते बुकिंगच्या आधी वाचा, काही जण परवानगीच देत नाहीत. वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, गाडी लावू नका, सपाट आणि मऊ वाळू दिसते म्हणून मोह होतो, पण लांब डोंगरात पाऊस पडला की आपल्या डोक्यावर निळं आकाश असतानाही लोंढा येतो. गाडी समतल करा, ठोकळे सोबत घ्या, गॅसवर चालणारा फ्रीज तिरक्या गाडीत नीट थंड करत नाही. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर, उघडं टाकून फिरायला जाऊ नका, वारा अचानक सुटतो.

मुलांसाठी दोन गोष्टी. चोया नावाचा निवडुंग दिसायला लव असल्यासारखा मऊ दिसतो आणि मुलं हमखास हात लावतात, त्याचा गोळा चिकटला तर हाताने ओढायचा नाही, कंगवा काटे आणि कातडीच्या मध्ये सरकवून एका झटक्यात उडवायचा, उरलेले काटे चिमट्याने. फणी प्रत्येकाच्या खिशात असू द्या. आणि बूट बाहेर काढले असतील तर सकाळी झटकून घाला, विंचू असतात. एक छोटा यूव्ही टॉर्च घ्या, त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, रात्री गाडीभोवती एक चक्कर मारून यायला मुलांना भारी आवडतं. गावातल्या स्मशानात हाय जॉलीची पिरॅमिडच्या आकाराची समाधी आहे, वर उंटाची आकृती, तीही दाखवा. हाजी अली हे त्याचं नाव, १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर आलेला माणूस, १९०२ मध्ये तिथेच वारला.

निघताना डंप. हातमोजे घाला, आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. मुक्कामात दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे. प्यायचं पाणी भरायचा पांढरा पाइप वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात, आणि डंपच्या जागेचा धुवायचा नळ वेगळा असतो, त्यातून फ्रेश टाकी भरू नका, पिण्यायोग्य अशी पाटी असलेल्या नळावरच गाडी लावा.