कॉलेज फुटबॉलचा स्ट्रेंथ कोच व्हायचं असेल तर

हे अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, हेल्मेट घालून खेळतात त्या. स्ट्रेंथ कोच म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दमसास वाढवणारा प्रशिक्षक. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हा पगारी हुद्दा बॉइड एप्ली यांच्यापासून धरतात. नेब्रास्का विद्यापीठाने त्यांना १९६९ मध्ये नेमलं. पुढे १९७८ मध्ये त्यांनी एनएससीए ही स्ट्रेंथ कोचची संघटना काढली. तिची सीएससीएस ही प्रमाणपत्र परीक्षा या व्यवसायातली पहिली पायरी.

परीक्षेला बसायला पदवी लागते, शिवाय सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) आणि एईडीचं (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चालू प्रमाणपत्र. पेपर दोन: एक शरीरशास्त्राच्या पायाचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा. दुसऱ्यात व्हिडिओ आणि चित्रं पाहून चूक ओळखावी लागते, म्हणून नुसतं पाठांतर तिथे अपुरं पडतं. पदवीच्या काळातच इंटर्नशिप धरा. पहाटे उठून वजनांचे रॅक लावणं, वजनाच्या प्लेट्स मोजणं, पाणी भरणं अशी कामं वाट्याला येतात आणि पैसे थोडे किंवा शून्य मिळतात. त्यानंतर ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिक्षण घेता घेता काम करणारा मदतनीस), मग असिस्टंट कोच. यातली एकही पायरी गाळू नका. वीस जणांच्या गटावर एकाच वेळी नजर ठेवणं याच वर्षांत अंगवळणी पडतं.

खरी कसोटी जानेवारीत लागते. सुट्टीवरून आलेली मुलं दिसायला तगडी असतात, पण स्नायूंची सवय मोडलेली असते. नेमका तेव्हाच ‘यांची जिद्द बघू’ हा मोह होतो. तो घातक आहे.

दोन आठवडे किंवा जास्त खंड पडला असेल तर जुन्या खेळाडूंचं धावण्याचं काम पहिल्या आठवड्यात निम्म्यावर आणा, दुसऱ्यात ३० टक्के कमी ठेवा. नव्या मुलांना चार आठवडे द्या: ५०, ३०, २०, १० टक्के कपात. समजा, तुमचा नेहमीचा सराव ११० यार्डांच्या १६ धावांचा आहे. मग पहिल्या आठवड्यात ८, दुसऱ्यात ११. धाव १६ सेकंदांची असेल तर विश्रांती आधी चौपट, म्हणजे ६४ सेकंद. पुढच्या आठवड्यात तिप्पट, ४८. लाइनमन म्हणजे पुढच्या फळीतले वजनदार खेळाडू; त्यांची धाव जास्त वेळ घेते, त्यांचा हिशेब वेगळा करा.

वजनांसाठी सेट (फेऱ्या) गुणिले रेप्स (एका फेरीत किती वेळा) गुणिले कमाल वजनाचा हिस्सा; कमाल वजन म्हणजे एकदाच उचलता येईल तेवढं. प्रत्येक व्यायामाचं उत्तर ११ ते ३० मध्ये हवं. ८० टक्क्यांवर, म्हणजे ०.८ धरून, ५ सेट, ५ रेप्स म्हणजे २०, ठीक. २०११ च्या जानेवारीत आयोवा विद्यापीठाच्या १३ खेळाडूंना ऱ्हॅब्डोमायोलिसिस (स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरणं, याने मूत्रपिंडालाही धोका) होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांच्या व्यायामात ५० टक्के वजनावर १०० स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) होते. गणित करा: १०० गुणिले ०.५ म्हणजे ५०, ३० च्या बरंच वर. वजन हलकं होतं, तरी घात रेप्सनी केला. कोलासारखी गडद लघवी आणि व्यायामाच्या मानाने भलतंच दुखणं ही त्याची खूण. असा मुलगा दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

सिकलसेल ट्रेट (सिकलसेल या रक्तविकाराचा एकच जनुक असणं; अतिश्रमात हे धोक्याचं ठरू शकतं) कोणाला आहे याची यादी खिशात ठेवा. उष्माघाताची शंका आली की आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, रुग्णवाहिकेत नंतर. शिक्षा म्हणून पळवणं पूर्ण बंद. अॅथलेटिक ट्रेनर हा इथे वैद्यकीय माणूस असतो. त्याने थांब म्हटलं की थांबायचं, हेड कोच काहीही म्हणो.

हे निभवायला नोकरीची घडी तशी हवी. हेड कोच गेला की त्याने आणलेला स्ट्रेंथ कोचही बहुधा जातो, त्यामुळे त्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून मुलाखतीतच विचारा: माझा वरिष्ठ कोण, हेड कोच की वैद्यकीय विभाग? आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमावर सही कोणाची?