फुटपाथवरची एकांकिका बसवणाऱ्यांसाठी

बेघर माणसांवरची संहिता पहिल्यांदा दिग्दर्शन करणाऱ्यांच्या हाती हमखास येते. सेटला खर्च नाही, पात्रं मोजकी, विषय गंभीर. तुम्हीही ती निवडली असेल तर स्पष्टच सांगते, बसवायला ही फार अवघड आहे. वाचन, पाठांतर, तालमीचं वेळापत्रक हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर बोलत नाही. मी बोलणार आहे ते जमिनीवर झोपलेल्या नटाबद्दल, कारण त्याने मला सगळ्यात जास्त छळलंय.

तालीम होते कॉलेजच्या वर्गात. तुम्ही खुर्चीवर, नट समोर त्याच फरशीवर. तुमची नजर त्याच्या बरीच वर असते, म्हणून तो डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ दिसतो. नाट्यगृहात स्टेजच माणसाच्या कमरेएवढं उंच. पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाचे डोळे जवळजवळ स्टेजच्या पातळीला येतात. त्याला दिसतात नटाचे तळवे, नाहीतर नुसती स्टेजची कड. मागच्यांच्या आड पुढच्यांची डोकी, आणि हॉलला उतार नसेल तर विचारूच नका. तुमचं मुख्य पात्र दहा मिनिटं स्टेजवर असतं आणि अर्ध्या हॉलला ते दिसत नाही. हे कळतं रंगीत तालमीला. तोवर सगळे मुव्ह पक्के झालेले असतात आणि नट काही बदलायला तयार नसतात.

बरं, दिसला तरी प्रश्न सुटत नाही. डोक्यावरून चादर घेऊन निपचित पडलेला नट थोड्या वेळात गाठोडं होतो. प्रेक्षक त्याला पात्रांत धरणं सोडतो. ‘रस्त्यावरही आपण असंच करतो, तोच तर अर्थ आहे,’ असं सांगणारे सिनियर भेटतील. मला हे अजिबात पटत नाही. रस्त्यावर जे आपण पाहत नाही ते दाखवायलाच तर आपण तिकीट लावतो.

उपाय आहेत, घाबरू नका. झोपायची जागा अप स्टेजला, म्हणजे प्रेक्षकांपासून लांब मागच्या बाजूला घ्या आणि तिथे फूटभर उंचीची लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा टाका. नटाला आडवा सरळ न झोपवता तिरका झोपवा, डोकं प्रेक्षकांच्या बाजूला. पूर्ण आडवं पडायची गरज नसेल तर दुकानाच्या शटरला टेकून बसू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपेतही त्याला काम द्या. फुटपाथवर झोपणारा माणूस राखण करत झोपतो. चपला उशाखाली, पिशवीचा बंद मनगटाला बांधलेला, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी. बूट वाजले की आधी हात पिशवीवर जातो, डोळे मागाहून उघडतात. ती एक हालचाल बसवा. कुणी दोन पावलं जवळ आलं तरी प्रेक्षक त्या हाताकडे बघायला लागतो.

जमत असेल तर प्रोसिनियम, म्हणजे फक्त समोरून बघायचा चौकटीतला रंगमंच, सोडूनच द्या. बंगाली नाटककार-दिग्दर्शक बादल सरकारांनी 1970च्या दशकात कोलकात्यात नट आणि प्रेक्षक एकाच जमिनीवर आणले, तेव्हा हा प्रश्न मुळातच उरला नाही. एकांकिका स्पर्धेत ती मुभा नसते, पण बाहेरचा प्रयोग मिळाला तर एखादा छोटा हॉल घ्या आणि खुर्च्या तीन बाजूंनी मांडा.

आता जागेचं बोलू. ‘एक फुटपाथ’ एवढंच संहितेत लिहिलेलं असतं आणि आपण मधोमध पोती टाकून मोकळे होतो. माणूस नेमका इथेच का राहतो? 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात हे मान्य केलं, की ही माणसं काम जवळ आहे म्हणून तिथे राहतात आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. (रीतसर नोटीस देऊन हटवायला मात्र न्यायालयाने मोकळीक ठेवली, हेही वाचा.) म्हणून कामाची जागा ठरवल्याशिवाय ब्लॉकिंगला, म्हणजे कोण कुठून कुठे जाणार हे बसवायला, हात लावू नका. मंडई कुठल्या विंगेत, पाण्याचा नळ कुठल्या? मग एंट्री-एक्झिट आपोआप ठरतात. 2011च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त माणसं बेघर नोंदली गेली, त्यांत पुलाखाली, ह्यूम पाइपमध्ये, देवळाच्या मंडपात, फलाटावर राहणारे सगळे आले. प्रत्येक जागेची भूमिती वेगळी. तुमची एक ठरवा.

शटरचा उपयोग करा. रात्री दुकानाचं शटर पडलं की याचं घर उघडतं, सकाळी ते वर गेलं की याने आवरलेलं असलं पाहिजे. एवढा एक आवाज नीट घेतला तर वेळ सांगणारे अर्धे संवाद कापता येतात. रहदारीचा अखंड ट्रॅक मात्र लावू नका, शब्द मरतात. रात्र दाखवायला निळा प्रकाशही नको. शहरातला फुटपाथ अंधारात नसतो, वर दिवा असतो आणि त्याच उजेडात, तोंडावर हात घेऊन झोपावं लागतं.

गाठोड्यात वर्तमानपत्रं कोंबू नका, खरं वजन भरा. नटाचा खांदा लगेच खरं बोलायला लागतो.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. जो पहिल्या वाचनाला येतो त्याचं ऐका. अंतिम फेरीच्या आदल्या रात्री उगवून शेवट बदलायला सांगणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. अभ्यासाच्या नावाखाली झोपलेल्या माणसांचे फोटो काढत हिंडू नका. परवानगी घेऊन निवारा केंद्रात जा, बसा, ते बोलले तर ऐका.

आणि रंगभूषा. चेहऱ्याला काजळी फासणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. ही माणसं अंघोळ करतात, कपडे धुऊन रेलिंगवर वाळत घालतात, पोरांच्या वेण्या घालतात. तेच दाखवा. एखादे परीक्षक म्हणतील, गरिबी पुरेशी दिसली नाही. शांतपणे ऐकून घ्या, आणि पुढच्या फेरीतही काजळीची डबी उघडू नका.